फळीवरचं वजन

ऐक, नुसतं ऐक, मध्ये हुंकारसुद्धा देऊ नकोस, कारण यातली एक जरी गोष्ट राहिली ना, तर तुला हे सगळं बनवलेलं वाटेल.

बाकीच्या जगात शेतातली माती दाबायची म्हणजे लोक काय करतात? रोलर आणतात, ट्रॅक्टरच्या मागे लावतात, फिरवतात, घरी जाऊन जेवतात. टिल्लीच्या घरात माती दाबायची म्हणजे आधी नातेवाईक गोळा करावे लागतात. खरंच! आजोबांनी तीस वर्षांपूर्वी तो रोलर जुन्या बाजारातून उचलून आणला तेव्हा त्याच्यावर वजन ठेवायची पेटीच नव्हती. बिडाची जाड कडी, पुढच्या ओळीत अकरा, मागच्या ओळीत दहा, आणि वर नुसती लोखंडी चौकट. वजन नसल्यामुळे ती कडी मातीवरून अशी जायची, जशी नवीन पाहुणी घरात वावरते, पाऊल उमटलं तर उमटलं. आजोबांनी दोन दिवस डोकं खाजवलं, मग चौकटीवर एक लांब फळी ठोकली आणि तिच्यावर स्वतःची मुलं बसवली. म्हणाले, पुढच्या हंगामात पेटी करून घेऊ. आजोबा गेले, तो पुढचा हंगाम काही आला नाही, आणि मुलं आपली अजून फळीवरच.

बरं, फळीवर कुठेही बसायचं नाही हं. डावं टोक मोठ्या काकांचं. उजवं टोक मधल्या काकांचं. ट्रॅक्टरचा धूर सोडणारा पाइप उजव्या अंगाला, त्यामुळे धूरही मधल्या काकांचाच. मोठ्या काकांच्या शेजारी काकू, मधल्या काकांच्या शेजारी आत्या, जी दर हंगामाला खास वजन द्यायला माहेरी यायची. टिल्लीचे बाबा सगळ्यांत धाकटे, त्या काळी अंगाने काडी, म्हणून त्यांना ट्रॅक्टरवर बसवलं होतं. आता त्यांचं पोट स्टिअरिंगला टेकतं, पण हुद्दा तोच. टिल्लीची आई दवाखान्यात नर्स. तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं, मी असल्या गोष्टीवर बसणार नाही, आणि तेव्हापासून रविवारची ड्यूटी मागून घेते. घरातली एकटी शहाणी.

आणि टिल्ली? टिल्ली चव्वेचाळीस किलो. तिला कुणी वजनात धरलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी काय झालं, तर रोलर फिरत असताना मधले काका सहज म्हणाले, "दादा, अठ्ठावीस वर्षं धूर खातोय, एखादा दिवस मला डावीकडे बसू दे की." मोठे काका म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." एवढंच. मधल्या काकांनी शेताच्या मधोमध फळीवरून उडी मारली, पायजमा झटकला, चालत रस्त्यापर्यंत गेले, बस पकडली आणि शहरात जाऊन किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं. लोकांच्या घरात भांडणं कशी जमीनजुमल्यावरून होतात, काही वजन असतं त्यांना. यांचं भांडण धुरावरून.

त्या वर्षापासून पीक पट्ट्यापट्ट्यांनी उगवायला लागलं. एक पट्टा दाट, एक टक्कल, एक दाट, एक टक्कल. शेजारचे लोक बांधावर उभे राहून विचारायचे, "काय हो, झेब्रा विकायचाय का?" घरच्यांनी काय काय केलं नाही! कडी बदलली, बेअरिंग बदललं, ट्रॅक्टरच्या टायरमधली हवा कमी केली, मग वाढवली, बियाणं देणाऱ्याला शिव्या घातल्या, मातीच खराब झाली असंही ठरवलं. फळीचं उजवं टोक रिकामं आहे, हे सगळ्यांना रोज दिसत होतं. पण बोलणार कोण? तिथे कुणी बसायचंही नाही. आत्या आपली तिच्या जुन्या जागी, टोक सोडून.

आता टिल्लीचं सांगतो ते नीट ऐक. टिल्लीने शेतीच्या यंत्रांचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, त्यात एकच पेपर राहिला, तो माती तयार करण्याच्या यंत्रांचाच. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते, दुसऱ्याने सांगायच्या आत. तरी तिने गुपचूप एका बियाणं कंपनीकडे अर्ज केला, दोन एकरांत गाजराच्या बियाण्याचा प्लॉट घ्यायचा म्हणून, आणि 'शेत कोण चालवणार' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. गाजराचं बी बारीक, चिमटीत येत नाही इतकं. माती कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत असली की गेलं. म्हणून कंपनीच्या पाहणीवाल्या बाई स्वतः येऊन माती तपासणार होत्या. रविवारी, दुपारी चार वाजता. पास झालं तर शेत टिल्लीचं. नाही झालं तर सोमवारी सकाळी आत्याला हो म्हणायचं. आत्याने तिच्यासाठी शहरात विम्याच्या कचेरीत काउंटरवरची जागा बघून ठेवली होती. काचेच्या मागे बसायचं आणि दिवसभर म्हणायचं, पुढचा फॉर्म भरा. टिल्लीला त्या काचेचं स्वप्न पडायचं रे, घाम फुटायचा.

तर रविवार. सकाळी टिल्लीने शेतातली मूठभर माती घेतली, लाडवासारखी दाबली, कमरेच्या उंचीवरून सोडली. फुटली, पण चिखलासारखी चपटली नाही. वाफसा अगदी बरोबर. मग तिने सगळ्यांना शेडमध्ये धान्याच्या वजनकाट्यासमोर रांगेत उभं केलं.

"कुणी हसायचं नाही," ती म्हणाली, "आणि चपला काढून उभं राहायचं."

काकू चढल्या. अडुसष्ट.

"काटा जुना आहे," काकू म्हणाल्या.

"कालच तपासलाय मी, काकू."

"मग मी जुनी आहे. पुढे चल."

आत्या चढली. एकाहत्तर. आत्याने काटा वाचला, खाली उतरली, खांद्यावरची पर्स बाबांच्या गळ्यात अडकवली आणि परत चढली. सत्तर आणि आठशे ग्रॅम.

"बघ," आत्या म्हणाली. "पर्समुळेच होतं."

"एकाहत्तरच लिहिते, आत्या. फळीवर पर्स घेऊनच बसतेस तू."

"आणि काउंटरवर अशीच हुज्जत घालणार आहेस का लोकांशी? मी साहेबांना सांगितलंय, मुलगी गोड बोलते."

मोठे काका हाताची घडी घालून लांबच उभे. "मी काय पोतं आहे?"

"नाही हो काका, पण डावीकडे किती आणि उजवीकडे किती ते कळल्याशिवाय..."

"नव्वद लिही."

"चढा हो," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं तुमचं ताट मी वाढतेय. नव्वद म्हणे!"

काका चढले. काटा जरा थरथरला आणि एकशे दोनवर थांबला. शेडमध्ये इतकी शांतता झाली, की बाबांच्या गळ्यातल्या पर्समधल्या किल्ल्या वाजलेल्या ऐकू आल्या.

"शर्ट जाड आहे," काका म्हणाले.

टिल्लीने भिंतीवर खडूने मांडलं. डावीकडे एकशे सत्तर. उजवीकडे एकाहत्तर. खाली काहीच लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, सगळेच त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले, जसा एखाद्याचा एक्स-रे बघतात.

"म्हणजे दोन वर्षं..." बाबा म्हणाले आणि तिथेच थांबले. बाबांची बरीच वाक्यं दादांसमोर अशीच थांबतात.

"सोपं आहे," टिल्ली म्हणाली. इथेच तिची पहिली चूक. या घरात काहीही सोपं आहे असं म्हणायचं नसतं. "वाळूच्या गोण्या भरून ठेवल्यात मी शेडच्या मागे. नव्याण्णव किलो उजवीकडे टाकू, की झालं."

"उजवीकडे कुठे?" काकांनी विचारलं.

"टोकाला."

"त्याच्या जागेवर?"

टिल्लीने हातातला खडू खाली ठेवला.

"माझ्या भावाच्या जागेवर तू वाळूची गोणी ठेवणार? आणि मी डावीकडे बसून त्या गोणीकडे बघत शेतभर फिरू?"

आता काकांचं खरं सांगू? त्यांच्या मनात दोन वर्षं एकच गोष्ट घोळत होती, की आपण 'पुढच्या वर्षी' न म्हणता 'बस' म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? एका शब्दाचा फरक. पण एकशे दोन किलोच्या माणसाला एक शब्द मागे घ्यायला फार ताकद लागते. त्यामुळे त्यांनी ती जागा रिकामी ठेवली होती. माफी मागण्याची त्यांची हीच पद्धत, आणि गंमत म्हणजे ज्याची मागायची तो सोडून बाकी सगळ्यांना ती दिसत होती.

आत्या फोन घेऊन शेडबाहेर गेली. पाच मिनिटांनी आली.

"साडेबाराच्या बसने येतोय तो."

"काय सांगितलंस त्याला?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं, वजन कमी पडतंय."

आणि खरंच आले! बसमधून उतरले, नाकावर चष्मा, हातात पिशवी, पिशवीत सगळ्यांसाठी एकेक किल्ली अडकवायचा छल्ला. शेडमध्ये येऊन कुणाकडे बघायच्या आधी काट्याकडे बघितलं. "चढू का?" एवढंच म्हणाले. चढले. सत्त्याण्णव.

"एकशे अडुसष्ट!" टिल्ली जवळजवळ ओरडलीच. "डावीकडे एकशे सत्तर, उजवीकडे एकशे अडुसष्ट! दोन किलोचा फरक!"

मग काय विचारतोस, घरात बारसं असल्यासारखा आनंद. काकू म्हणाल्या, मी बोलतच होते. बाबांनी उगाच ट्रॅक्टर चालू केला. सगळे शेतात गेले. मधले काका गुपचूप आपल्या उजव्या टोकाकडे निघाले, तेवढ्यात मोठे काका त्यांच्या आधी भराभर चालत गेले, धापा टाकत, आणि धप्पकन उजव्या टोकावर बसले.

"तू तिकडे बस," भावाकडे न बघता म्हणाले. "धूर मला चालतो."

मधले काका चष्मा पुसायला लागले. काकूंनी नाक ओढलं. आत्या म्हणाली, "दादा!" आणि पदर डोळ्यांना लावला.

आणि टिल्ली? टिल्लीच्या डोक्यात काय चाललं होतं माहितीये? सत्त्याण्णव अधिक अडुसष्ट एकशे पासष्ट, एकशे दोन अधिक एकाहत्तर एकशे त्र्याहत्तर, आठ किलोचा फरक पडला की! सगळं घर डोळे पुसतंय आणि ही पोरगी आठ किलो मोजतेय. स्वतःचीच तिला इतकी लाज वाटली, की आलेले शब्द तिने गिळून टाकले. आठ किलो चालतील, असं स्वतःला समजावलं. पेपर नापास झालेलीच अशी समजूत घालू शकते.

पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. टिल्ली मागून चालत होती, हातात लोखंडी सळई, सळईवर बोटाबोटाच्या खुणा केलेल्या. ठिकठिकाणी तेवढ्याच जोराने सळई दाबायची आणि किती आत जाते ते बघायचं. डावीकडे चार बोटं, मध्ये चार, उजवीकडे जेमतेम साडेतीन. कड्यांचे ठसे एकाला एक लागून, विणल्यासारखे. दोन वर्षांत पहिल्यांदा जमीन अंगावर बसलेल्या कपड्यासारखी दिसत होती.

मग आत्याला दया आली. "तुम्ही दोघं बोला रे निवांत," ती म्हणाली, "आम्ही मध्ये कशाला?" काकूही उतरल्या. दोघी बांधावर जाऊन बसल्या आणि तिथून भावाभावांकडे असं बघायला लागल्या, जसं गॅलरीतून लहान मुलांना खेळताना बघतात.

टिल्ली तेवढ्यात पाण्याची बाटली आणायला शेडमध्ये गेली होती. परत आली तेव्हा रोलर शेताच्या पार त्या टोकाला. तिने सळई टोचली. डावीकडे, सहा बोटं. तिला वाटलं, आपलाच हात जोरात पडला. उजवीकडे, सहा बोटं. मध्ये टोचली, तर सळई दोन बोटं गेली आणि टक्क. पुन्हा. टक्क. टाच रोवून बघितली. कडेला टाच आत जात होती, मधोमध नुसता टणकपणा, रस्त्यावर उभं राहिल्यासारखा.

तिने मान वर केली. तिकडून ट्रॅक्टर येत होता. बाबा ताठ बसलेले. आणि मागे फळीच्या बरोबर मधोमध, एकमेकांना खांदा लावून, दोन्ही काका! मोठ्या काकांना इंजिनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं म्हणून ते जरा सरकले असणार. मग मधले सरकले. मग पुन्हा मोठे. एकशे नव्याण्णव किलो, हातभर जागेत. मधले काका हातवारे करून काहीतरी सांगत होते, कुणाची तरी तिजोरी कशी उघडली त्याचं असणार, आणि मोठे काका मांडीवर थाप मारून हसत होते. पोट हलत होतं त्यांचं. टिल्लीने त्यांना असं हसताना शेवटचं कधी बघितलं ते तिला आठवेना.

ती मनात म्हणाली, वा! भांडलात तेव्हा डावी बाजू दबली. गोडी झाली तर मधली दबली. माणसं काही केल्या सारखी बसत नाहीत.

तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती.

आत्या बांधावरून उठून तिच्याजवळ आली. "काय झालं? चेहरा का असा?"

टिल्लीने नुसती सळई तिच्या हातात दिली. आत्याने कडेला टोचली, मग मध्ये टोचली. पुन्हा मध्ये टोचली. आत्या ही अशी बाई, की तिला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण हाताला लागलेलं टक्क तिला कळलं.

"त्यांना सांग ना, टोकाला बसा म्हणून."

"सांगेन. बसतील. अर्ध्या फेरीत परत सरकतील."

"दोन गोण्या दोन टोकांना ठेव. ते बसू देत मध्ये."

"मध्ये तरीही एवढंच घट्ट राहील, आत्या. ते दोघं आहेत तोपर्यंत काहीही ठेवलं तरी... गोण्या सरकत नाहीत. गोण्या एकमेकींशी बोलत नाहीत."

आत्याने त्या दोघांकडे बघितलं, मग टिल्लीकडे. आता आत्याचा फायदा कशात होता? गप्प बसण्यात! पाहणी नापास, सोमवारी काउंटर, भाऊ एकत्र, सगळं तिच्या मनासारखं. टिल्लीलाही ते ठाऊक होतं. तिला वाटलं, झालं, आत्या आता म्हणेल, जाऊ दे ना, एवढ्या दिवसांनी हसतायत.

आत्या म्हणाली, "मग मला काय विचारतेस? तासाभरात बाई येतील. उतरव त्यांना."

ट्रॅक्टर जवळ आला. टिल्ली सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. चव्वेचाळीस किलो, हात आडवे करून.

"बाबा, इंजिन बंद करा."

बाबांची तीस वर्षांची सवय, काहीही करायचं तर आधी मान वळवून मागे दादांच्या हाताकडे बघायचं. हात वर म्हणजे चल, खाली म्हणजे थांब. त्यांची मान अर्धी वळली. मग तिथेच थांबली, आणि त्यांनी किल्ली फिरवली. का, ते त्यांनाही सांगता येणार नाही. पण मागे न बघता बंद केलं.

एकदम शांत झालं. त्या शांततेत मोठ्या काकांचं हसणं जरा जास्तच मोठ्याने ऐकू आलं आणि मग थांबलं.

"काका, दोघंही उतरा," टिल्ली म्हणाली. तिचा आवाज अगदी पिपाणीसारखा निघाला. "रोलर मध्ये जास्त दाबतोय. गोण्या टाकायच्यात."

"सरकतो की," मधले काका म्हणाले. "दादा, सरक तू तिकडे."

"नाही काका. उतराच. फळीवर आता कुणीच नाही बसायचं."

"दोन वर्षांनी," मोठे काका हळू म्हणाले, "दोन वर्षांनी माझा भाऊ माझ्याशेजारी बसलाय. आणि तू मला उतर म्हणतेस? वाळूसाठी?"

"हो."

बघ, रात्रभर तिने भाषण तयार केलं होतं, वजन, दाब, उगवण, सगळं. वेळेवर काय निघालं? हो.

मधले काका आधी उतरले. "मला आपलं धूर खायला बोलावलं आणि तोही पुरता खाऊ दिला नाही," असं हसत म्हणाले, पण ते हसणं काही फार लांब गेलं नाही. मग मोठे काका उतरले. फळी वर उचलली गेली आणि चौकट कुरकुरली.

मग तासभर काय पळापळ! आत्या आणि काकू गोण्या ओढत होत्या, एकेक वीस किलोची, दहा गोण्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातभर अंतर मोजून आणि दोरीने करकचून बांधून. बाबांनी वखर जोडून आधीचे घट्ट झालेले पट्टे मोकळे करून दिले. रोलर परत जोडल्यावर टिल्ली त्याच्या खाली वाकून बसली. ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा आखूड झाला होता, त्यामुळे पुढची कडी मातीत घुसत होती आणि मागची अधांतरी. तिने तो दांडा पीळ देऊन देऊन लांब केला, चौकटीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली, आतलं पाणी सपाट दिसेपर्यंत. कड्यांमध्ये अडकलेली ढेकळं पहारीने काढली. मग बाबांना म्हणाली, "लिफ्टचा दांडा पूर्ण खाली सोडून द्या, रोलर आपल्या वजनाने जमिनीवर बसू दे. आणि दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही."

"तिसऱ्यातच घेतो मी नेहमी."

"काकांना घाई असायची म्हणून. गोण्यांना घाई नाही."

बाबांनी दुसरा टाकला.

चार, चार, चार. सळई कुठेही टोचा, चार बोटं. ट्रॅक्टरच्या चाकांखालची जागा तेवढी साडेतीन, तिथे चाकांमागे फाळ लावला आणि तीही चारवर आली. शेवटची फेरी संपली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि पाहणीवाल्या बाई बांधावर गाडी लावत होत्या. बाईंनी पायांतले बूट काढले, अनवाणी शेतभर फिरल्या, त्यांची स्वतःची सळई वीस ठिकाणी घातली. टिल्लीने हात मागे बांधून ठेवले.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

आत्याच पुढे होऊन म्हणाली, "या मुलीने. आमच्या सगळ्यांच्या मनाविरुद्ध."

बाईंनी कागदावर टिल्लीचं नाव लिहिलं. पास! शेत टिल्लीचं. सोमवारी काचेच्या मागे बसायचं नाही. टिल्लीला उडी मारावीशी वाटली, म्हणून तिने मान वळवली, कुणाला तरी सांगायला.

दोन्ही काका बांधावर होते. पण कसे? एक या टोकाला, एक त्या टोकाला. वीस पावलांचं अंतर. फळीवर असताना इंजिनच्या आवाजात ओरडून बोलायचं होतं, तोल सांभाळायचा होता, धूर होता. जमिनीवर उतरल्यावर दोघांनाही काय बोलायचं ते सुचेना. मधले काका घड्याळ बघत होते. मोठे काका चपलेच्या टोकाने एक ढेकूळ फोडत होते, फार सावकाश, बारीक होईपर्यंत.

"पाचची बस आहे ना तुला?" मोठ्या काकांनी विचारलं.

"हो. दुकान बंद ठेवून आलोय."

"बरं."

बाबा रोलर सोडवून मधल्या काकांना ट्रॅक्टरवरून स्टँडवर सोडायला गेले. टिल्ली रोलरशी उभी होती, दोऱ्या सोडायच्या की राहू द्यायच्या ठरवत. मोठे काका तिच्याजवळ आले. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी गोणीवर हात ठेवला, चाचपून बघितली, गाठ घट्ट आहे का तेही बघितलं. मग म्हणाले, "छान झालंय रान. अगदी सारखं." मग फळीच्या उजव्या टोकाकडे बघितलं. "फक्त एक सांग मला, टिल्ले. पुढच्या हंगामात त्याला काय सांगून बोलवायचं?"

अरे, आठवड्याभरात गाजराचं बी पडलं, पंधरवड्यात उगवलं, कुठे एक टक्कल नाही, शेजारी विचारतायत झेब्रा कुठे गेला, आणि ती मात्र अजून त्या प्रश्नावरच अडकलीये. आता तू बोल. तीनला दहा कमी आहेत, ते दोघं फळीवर हसतायत, आणि सळई तुझ्या हातात आहे. तू काय केलं असतंस?